कोकराच्या वजनात आईचा वाटा

लोणंदच्या बाजारात मेंढरं घ्यायला आलेला जुना व्यापारी काटा शोधत बसत नाही. तो कोकराच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या जरा मागे, हात ठेवतो. अंगठा कण्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. हाडाची टोकं बोटांना टोचली तर कोकरू रोड. टोकं लागतात पण त्यांच्यावर मांस आहे, तर भरलेलं. दाबूनही हाड लागत नसेल तर अंगावर चरबी चढली आहे. मग कमरेत धरून कोकरू वीतभर उचलायचं, खाली ठेवायचं आणि उक्ता भाव बोलायचा. ही परीक्षा मुळीच अडाणी नाही. पशुवैद्यक महाविद्यालयांतही मेंढीची प्रकृती जोखायला हीच जागा शिकवतात आणि तिला १ ते ५ असे गुण देतात. त्या स्पर्शावरून व्यापारी मटणाचा उतारा बऱ्यापैकी अचूक ताडतो.

पण ते कोकरू जड का झालं, हे त्या हाताला कळत नाही. व्यापाऱ्याला ते कळण्याची गरजही नसते. जनावर घेतलं, कापलं, विकलं की त्याचं काम संपतं. गरज असते मेंढपाळाला, कारण विकायची कोकरं बाजूला काढल्यावर पैदाशीसाठी एखाददुसरा नर तो मागे ठेवतो. बहुतेक वेळा सगळ्यांत थोराड दिसेल तोच. हा नर बापाच्या गुणांमुळे थोराड झाला, की आई दुधाची होती म्हणून? की एकटाच जन्मला म्हणून, की कळपातल्या इतरांपेक्षा २० दिवस आधी जन्मला म्हणून? यातलं फक्त पहिलं कारण त्याच्या पिल्लांत उतरणार आहे. आईच्या दुधाचा गुणही मुलींमार्फत थोडाफार पुढे जाईल. बाकीचं सगळं त्याच्यापाशीच संपेल.

एका कळपातली सगळी कोकरं तीन महिन्यांची झाल्यावर तोलली, तर त्यांच्या वजनांत बराच फरक दिसतो. या फरकातला किती भाग कोकरांच्या स्वतःच्या जनुकांमुळे असतो, हे मोजण्याच्या पद्धती पशुपैदास शास्त्रानं गेल्या शतकात विकसित केल्या. निरनिराळ्या देशांतल्या आणि जातींच्या मेंढ्यांवर झालेल्या कामातून जे आकडे येतात ते साधारण सारखेच आहेत. दूध तोडतानाच्या वजनातल्या फरकाचा जेमतेम पाचवा हिस्सा कोकराच्या जनुकांमुळे असतो. वय वाढत जातं तसा हा हिस्सा वाढतो. कत्तलीनंतरच्या वजनाच्या बाबतीत तो पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि पूर्ण वाढलेल्या मेंढीच्या बाबतीत त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे कोकरू जितकं लहान, तितकं त्याचं वजन त्याचं स्वतःचं कमी आणि आईचं जास्त असतं.

आईचा हा वाटा किती मोठा असू शकतो, हे १९३८ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी घोड्यांवर दाखवलं. शायर ही ओझी ओढणारी अवाढव्य जात आणि शेटलंड हे कमरेइतकं तट्टू. कृत्रिम रेतनानं त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केले. शायर घोडीला शेटलंड नराचं शिंगरू आणि शेटलंड घोडीला शायर नराचं. दोन्हीकडच्या शिंगरांना दोन्ही जातींकडून निम्मा-निम्मा वारसा मिळाला होता. तरी शायर आईच्या पोटचं शिंगरू जन्मतः दुसऱ्याच्या तिप्पट वजनाचं भरलं, आणि मोठेपणीही हा फरक पुरता मिटला नाही. बाप केवढा होता याला आईच्या गर्भाशयानं फारशी किंमत दिली नाही. मेंढीतही तत्त्व हेच, फक्त आकडे इतके टोकाचे नसतात.

मेंढीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. त्यातले पहिले साडेतीन महिने गर्भाचं वजन फारसं वाढत नाही, आणि म्हणूनच गाभण मेंढीकडे दुर्लक्ष होतं. जन्माच्या वेळचं सुमारे ७० टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत चढतं. पण वजन वाढत नसतं त्या मधल्या काळात वार तयार होत असते आणि गर्भाच्या स्नायूंचे तंतू मोजून ठरत असतात. मेंढीच्या जातीत जन्मानंतर या तंतूंची संख्या वाढत नाही. पुढे खाऊपिऊन वाढते ती त्यांची जाडी. म्हणजे बाजारात त्या कण्यालगत बोटांना जे मांस लागतं, त्याची कमाल मर्यादा काही अंशी कोकरू पोटात असतानाच आखली गेलेली असते. गाभण मेंढीला कोणत्या महिन्यात काय चरायला मिळालं, याची नोंद कुठल्याही वहीत नसली तरी कोकराच्या अंगावर असते.

जन्मानंतर पहिली कसोटी चिकाची. माणसाच्या वारेतून आईची रोगप्रतिकारक प्रथिनं बाळाला पोचतात. मेंढीच्या वारेतून पोचत नाहीत. कोकरू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. पहिल्या दिवसभरातच त्याच्या आतड्याची भिंत ही प्रथिनं अख्खी शोषून घेऊ शकते, पुढे ती वाट बंद होते. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर ते कोकरू जगलं तरी आजारपणात मागे पडत राहतं. त्यानंतरचा महिना निव्वळ दुधावर. वजन १ किलोनं वाढायला कोकराला साधारण ५ लिटर दूध लागतं. दिवसाला १०० ग्रॅम वाढायचं तर अर्धा लिटर दूध हवं, आणि दोन कोकरं असतील तर एक लिटर. आपल्या दख्खनी मेंढीचं दूध बेताचंच. त्यामुळे जुळ्यातलं प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलकं राहणार, हे गणित कासेतच ठरलेलं असतं.

याखेरीज इतर कारणं आहेतच. नर मादीपेक्षा जड भरतो. पहिलटकरणीची कोकरं हलकी असतात. पावसाळ्यात ओल्या कुरणात चरणाऱ्या मेंढरांच्या पोटात हिमोंकस नावाचा रक्त पिणारा जंत शिरतो. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतली त्वचा लालऐवजी पांढुरकी दिसते. या एका जंतामुळे जेवढं मटण वाया जातं, तेवढं निकृष्ट वंशामुळे जात नसावं, असं माझं मत आहे.

तरीही माणसाला ओढ असते ती एकाच जनुकाची, जे एका फटक्यात सगळं बदलून टाकेल. असं जनुक खरोखर सापडलंही. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात डॉर्सेट जातीचा एक नर जन्मला. सॉलिड गोल्ड असं त्याचं नाव. त्याच्या मांड्या आणि पुठ्ठे असे काही फुगलेले होते की पाहणाऱ्याला तो वेगळ्याच जातीचा वाटावा. त्याच्या काही पिल्लांतही हे उतरलं, पण जन्मतः ती इतरांसारखीच दिसायची. तीन-चार आठवड्यांनंतर मागचा भाग भरू लागायचा. अशा कोकरांत स्नायू तिसऱ्या हिश्श्यानं जास्त आणि चरबी कमी. या गुणाला कॅलिपीज म्हणतात. त्याचा वारसा मात्र मेंडेलच्या नियमांत बसेना. शेवटी १९९६ मध्ये उलगडा झाला तो असा: बदललेली प्रत बापाकडून आणि साधी प्रत आईकडून आली, तरच कोकरू फुगतं. उलट झालं तर काहीच होत नाही. आणि दोघांकडून बदललेली प्रत आली, तरी कोकरू साधंच राहतं. वारशाचा हा प्रकार तोवर कुठल्याच प्राण्यात कुणी पाहिलेला नव्हता. १८ व्या गुणसूत्रावरचं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं होतं, आणि तेही कुठलंही प्रथिन न घडवणाऱ्या जागी.

शास्त्राला हा खजिनाच मिळाला. खाटकाला आणि गिऱ्हाईकाला मात्र काही मिळालं नाही, कारण त्या कोकरांचं मटण चिवट निघालं. कत्तलीनंतर मांस मऊ पडतं ते त्यातल्याच काही विकरांमुळे, जी स्नायूंचे धागे तोडतात. कॅलिपीज कोकरांत या विकरांना रोखणारं द्रव्य भरपूर असतं. जिवंतपणी त्याच्यामुळेच स्नायू झिजत नाहीत आणि वाढत जातात, आणि मेल्यावर त्याच्यामुळेच ते मऊ होत नाहीत. वजन वाढवणारी आणि मटण बिघडवणारी यंत्रणा एकच होती. वाढीचा विचार निव्वळ किलोत करणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट नीट वाचावी, असं मला वाटतं.

टेक्सेल जातीची गोष्ट जरा सौम्य आहे. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या टेक्सेल बेटावरची ही मांसल मेंढी. २००६ मध्ये बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या गटानं तिच्या मांसलपणामागचं एक कारण शोधलं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन सर्व सस्तन प्राण्यांत असतं. टेक्सेल मेंढीत त्या प्रथिनाची रचना अगदी ठीक आहे. बदल आहे तो जनुकाच्या शेपटाकडच्या भागात. त्या बदलामुळे पेशीतले सूक्ष्म आरएनए तिथे येऊन चिकटतात आणि प्रथिन कमी तयार होतं. लगाम तुटत नाही, सैल होतो. या मेंढीचं मटण चिवट झालं नाही, आणि युरोपात संकरासाठी टेक्सेल नर आजही मागितले जातात.

पण अशी ठळक जनुकं अपवादच. वजनावर एरवी शेकडो जनुकं थोडा-थोडा परिणाम करत असतात, आणि त्यांना एकेकटं पकडण्यापेक्षा त्यांची बेरीज मोजणं सोपं पडतं. ऑस्ट्रेलियानं हेच केलं. १९८९ पासून तिथे लॅम्बप्लॅन नावाची नोंदपद्धत चालू आहे. कोकरू एकटं की जुळं, आईचं वय किती, जन्मतारीख कोणती, कुठल्या गटात चरलं, हे सगळं वजनाबरोबर लिहायचं. मग त्या सगळ्यांचा परिणाम गणितानं वजा करून उरेल ते नराचं आनुवंशिक मूल्य. १९९० च्या सुमारास तिथल्या कोकराचं सोललेलं वजन सरासरी १७-१८ किलो होतं, ते तीस वर्षांत २४ किलोच्या वर गेलं. यात चांगल्या चाऱ्याचा आणि उशिरा विकण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय वंशाला देता येत नाही. शिवाय त्यांनाही धडा मिळाला. मांसल आणि कमी चरबीचे नर वर्षानुवर्षं निवडल्यावर लक्षात आलं, की मांसाच्या आतली बारीक चरबी घटते आहे आणि मटणाची चव व मऊपणा उतरतो आहे. आता तिथे नराच्या नोंदीत मऊपणाचाही आकडा धरतात.

आपल्याकडे वीस किलोचं जिवंत कोकरू कापल्यावर नऊ-दहा किलो मटण पडतं, म्हणजे जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के. मुंडी, पाय, वजडी आणि कातडं यांचा हिशोब वेगळा. हा उतारा वाढवण्याचे मार्ग थोडे आहेत, कारण पोटातला चारापाणी, हाडं आणि कातडं कुठल्याही जातीत असणारच. म्हणून मला वाटतं, एकेका कोकराचं वजन वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा एका मेंढीमागे वर्षाला किती किलो कोकरू हाती आलं, हे विचारावं. हा प्रश्न फलटणमध्ये विचारला गेला, आणि त्याचं उत्तर सुंदरबनातून ऑस्ट्रेलियामार्गे आलं.

सुंदरबनात गारोल नावाची चिमुकली मेंढी आहे. पूर्ण वाढलेली मेंढी १२-१४ किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, आणि बहुतेक वेतांत जुळी-तिळी देणारी. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजानं सिडनीला गेल्या. पुढे दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या रानावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण फार आहे, असं दिसलं. त्यांनी तिथल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेला १९५८ मध्ये एक नर दिला, तो पाच भावंडांतला एक होता. तिथे हेलन न्यूटन टर्नर यांनी या मेंढ्यांवर काम उभं केलं, आणि पुढे हा एकाच जनुकाचा प्रभाव असल्याचं कळलं. २००१ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते जनुक नेमकं दाखवलं. सहाव्या गुणसूत्रावर एका अक्षराचा बदल. त्यामुळे बीजांडकोशात एकाऐवजी दोन-तीन बीजांडं एकाच वेळी पक्व होतात. वर्षभरानं गारोल मेंढी तपासली, तर तोच बदल तिच्यातही. ऑस्ट्रेलियात गेलेल्या त्या बंगाली मेंढ्यांचा माग असा लागला.

फेकबी या नावानं ओळखलं जाणारं हे जनुक ऑस्ट्रेलियात फारसं रुजलं नाही. तिथल्या विस्तीर्ण कुरणांत मेंढी एकटी विते, जवळ माणूस नसतो. तिळ्यांतली दोन थंडीनं आणि भुकेनं मरतात. जादा कोकरं जन्मतात आणि जातात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं याच गोष्टीचा उलटा विचार केला. दख्खनी मेंढी एका वेतात एकच कोकरू देते, जुळं क्वचित. पण आपला मेंढपाळ रात्रंदिवस कळपाबरोबर असतो. मेंढी व्यायली की कोकरू त्याच्या हातात येतं, तो त्याला सडाला लावतो, घोंगडीत घेतो, वाघर लावून वेगळं ठेवतो, वाटेवर घोड्यावर घालतो. जुळं जगवायला जे माणूसबळ लागतं, ते इथे आधीच आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत १९९० च्या दशकात गारोल नर आणले गेले. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन संस्थांच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीनं हे काम तडीस नेलं.

अडचण उघड होती. गारोलशी एकदा संकर केला की जुळी मिळतात, पण मेंढीचा आकारच लहान होतो, आणि मग वजनाच्या दृष्टीनं हाती काही लागत नाही. उपाय एकच: संकरित मेंढी पुन्हा-पुन्हा दख्खनीशी लावत जायचं आणि प्रत्येक पिढीत फेकबी असलेलीच कोकरं ठेवायची, म्हणजे शेवटी अंग दख्खनीचं आणि जनुक तेवढं गारोलचं. पण नरात हे जनुक आहे की नाही हे दिसत नाही, कारण त्याला बीजांडकोशच नसतो. त्याच्या मुली मोठ्या होऊन व्यायच्या, त्यांची कोकरं मोजायची, मग बापाचं निदान. यात कित्येक वर्षं जात. २००१ नंतर थेंबभर रक्तावरून जन्माच्या आठवड्यातच उत्तर मिळू लागलं, आणि कामाचा वेग पालटला. अशा रीतीनं तयार झालेली मेंढी म्हणजे नारी सुवर्णा. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनंही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून अविशान ही फेकबी असलेली मेंढी घडवली आहे.

आता वजनाचं काय? समजा, एकटं कोकरू तीन महिन्यांचं होताना १३ किलोचं भरलं आणि जुळ्यातलं प्रत्येक १०-१०.५ किलोचं. बाजारात एकट्याचा भाव चढा लागेल, हे खरं. पण मेंढीच्या नावावर एकीकडे १३ आणि दुसरीकडे २० किलोंच्या वर जमा होतात. दोन्ही जगली तर. या 'तर'मध्ये सगळं आलं. म्हणून मेंढपाळाच्या कळपात या जनुकाची एकच प्रत असलेल्या मेंढ्या असाव्यात असं धोरण राहिलं आहे. त्यांना एक किंवा दोन कोकरं होतात, तिळी कमी. दोन्ही प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याची शक्यता वाढते, आणि तिसऱ्या कोकरासाठी तिसरा सड नसतो. फेकबीच्या मेंढीला फेकबीचा नर लावला की अशा मेंढ्या आपोआप तयार होतात, तेव्हा कळपात कुठला नर कुणाला लागतो यावर लक्ष ठेवावं लागतं. खुल्या चराईत हे सोपं नाही. नर वेगळे बांधावे लागतात.

जुळ्यांच्या आईला शेवटच्या सहा आठवड्यांत जास्त खाऊ घालावं लागतं, आणि इथे आपल्या ऋतुचक्राशी गाठ पडते. पहिल्या पावसावर फळलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात विऊ लागतात. म्हणजे पोटातली कोकरं सगळ्यांत वेगानं वाढतात ते दिवस नेमके माळावरचं गवत वाळू लागण्याचे, आणि बऱ्याच कळपांच्या बाबतीत कोकणाकडे चालू लागण्याचे. रोजच्या चालीत मेंढीची शक्ती खर्च होते, पोटात दोन जीव असतात आणि वाटेवर चारा बेभरवशाचा. दिवसाला २०० ग्रॅम मका-पेंडीचा खुराक धरला, तर सहा आठवड्यांत एका मेंढीला साडेआठ किलोंच्या आसपास लागतो; बाभळीच्या शेंगा गोळा करून ठेवल्या असतील तर काही भाग त्यातून भागतो. सगळ्या कळपाला तो घालणं परवडत नाही. ज्यांच्या पोटात जुळं आहे त्यांनाच घालायचा, तर आधी त्या ओळखाव्या लागतात. गाभणपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीनं ते दिसतं. हे यंत्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून श्रावण-भाद्रपदात वाड्यावर पोचलं, तर खुराक कुणाला घालायचा हे मेंढपाळाला वाटेला लागण्याआधी ठरवता येईल.